पेटी डावीकडे

“अरे देवा, बोटं गेली माझी!” सिमोनराव असे ओरडले, की मांडवात सतरंज्या घालणारी माणसं हातातलं काम टाकून धावली.

जीपचं मागचं दार मीच लावलं होतं. पेटी उतरवली का, तबला उतरवला का, असं विचारत विचारत धाडकन लावलं, आणि सिमोनरावांचा उजवा हात मध्ये होता. आमचा पेटीवाला, आणि त्याचा उजवा हात! कुणी पाणी आणलं, कुणी हळद आणली, गावातला कंपाउंडर आला. त्यानं तीन बोटं एकत्र बांधली आणि म्हणाला, “पंधरा दिवस चमचासुद्धा धरायचा नाही.”

साडेतीन वाजले होते. पाचला कीर्तन. तेही साधंसुधं नाही, टाकळीच्या ख्रिस्ती मंडळीचा दोन दिवसांचा वार्षिक मेळावा. आसपासच्या अकरा गावांतनं लोक बैलगाड्या, टेंपो करून आलेले, आणि सगळे एकाच आख्यानासाठी आलेले.

मी नथानिएल वैरागर. हे नाव चर्चच्या रजिस्टरात; लोक म्हणतात नथूबुवा. आम्ही ख्रिस्ती कीर्तनकार. धोतर, अंगरखा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, सगळं इतर बुवांसारखंच. आख्यान तेवढं आमच्या प्रभूच्या वाटेचं. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा माझा आवाज खणखणीत होता आणि डोकं जरा जास्तच ताठ होतं.

“आता कसं करायचं?” पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम. “नुसत्या तबल्यावर भागेल का?”

“नुसत्या तबल्यावर काय भागतंय साहेब, लग्नाची वरात आहे का?” मी खेकसलो. चूक माझी होती, म्हणून आवाज चढला होता.

आमचे तबलजी याकोबमामा भिंगारदिवे एका बाजूला बसून हातोडीनं तबला लावत होते. मान वर न करता म्हणाले, “लिदी आहे की.”

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“बुवा, मी काय म्हटलं? लिदी आहे. सगळी पदं तिला येतात. सिमोन चुकला की घरात ती आतनं ओरडते. मी ऐकलंय.”

लिदिया माझी मुलगी. एकुलती एक. तेव्हा सतरा वर्षांची होती. ती मागे बायकांच्या घोळक्यात तिच्या आईजवळ उभी होती. टाकळी हे रत्नमालाचं, म्हणजे माझ्या बायकोचं माहेर, म्हणून त्या वेळी मायलेकी माझ्याबरोबर आल्या होत्या. एरवी लिदी कीर्तनाला यायची नाही. म्हणजे मी आणायचो नाही.

कारण सांगतो. सहा वर्षांची असताना स्टोव्ह भडकला. चहा माझ्यासाठीच ठेवला होता. उजवा गाल, कान, गळ्याची उजवी बाजू, सगळं भाजलं. चार महिने दवाखान्यात काढले. पोर वाचली, प्रभूची कृपा. पण गालाची कातडी ओढली गेली ती गेलीच. शाळेत पोरं काय काय म्हणायची ते मी इथं सांगत नाही.

मग मी तिला शिकवायला लागलो. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जवळ घ्यायचो आणि सांगायचो, “बेटा, चेहरा म्हणजे घराचं दार. देव दाराचा रंग बघत नाही. तो आत येऊन बसतो. आतलं घर झाडूनपुसून ठेव, म्हणजे झालं.”

एकदा, नऊ वर्षांची असेल, तिनं विचारलं, “मग पप्पा, माणसं दारातनंच का परत जातात?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पुढच्याच रविवारी ते वाक्य मी कीर्तनात घातलं. सगळी सभा गलबलली. त्या वाक्यावरूनच मी ‘दोन बहिणी’ रचलं. थोरली रूपवान, धाकटीचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. दुष्काळात एक तहानलेला म्हातारा दारी येतो. थोरली तोंड फिरवते, धाकटी आपल्या वाटणीचं पाणी त्याला देते. तो म्हातारा असतो राजाचा माणूस. आठ दिवसांनी वाजतगाजत पालखी येते, पाणी देणाऱ्या मुलीला न्यायला. आणि आई काय करते? धाकटीला कणगीमागं लपवते आणि थोरलीला नटवून पुढं करते. आख्यान काय गाजलं म्हणता! जाईन तिथं फर्माईश तीच. आठ वर्षं.

“मला येईल, पप्पा,” लिदी पुढं होऊन म्हणाली. ओढणी डोक्यावर होती, आवाज हलका होता, पण बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती. “साकी, दिंडी, सगळ्यांच्या चाली पाठ आहेत. तुम्ही कुठं थांबता तेही पाठ आहे.”

“अगं, पण घरात वाजवणं वेगळं. इथं चारशे-पाचशे माणूस आहे.”

“माणसं मला ऐकायला थोडीच आलीत? तुम्हाला ऐकायला आलीत.”

मी रत्नमालाकडे बघितलं. ती नुसती बघत होती माझ्याकडे, मी काय म्हणतो ते. सिमोनराव बांधलेला हात छातीशी धरून म्हणाले, “बुवा, पोरगी माझ्यापेक्षा बरी वाजवते. मी आजवर बोललो नाही इतकंच.”

“बरं,” मी म्हटलं. “बस.”

त्या पोरीचा चेहरा असा काही खुलला! धावत गेली, पेटीचं कापड काढलं, भाता हलवून बघितला, एकेक पट्टी दाबून बघितली. हिला किती दिवसांपासून वाजवायचं होतं हे मला तेव्हा कळलं. घरात एकाच छपराखाली राहून कळलं नव्हतं.

आता ऐका मी काय केलं ते.

आमच्या कीर्तनात पेटी माझ्या उजव्या हाताला आणि तबला डाव्या हाताला, ही बैठक ठरलेली. वाजवणारा तोंड माझ्याकडे करून बसतो. म्हणजे उजवीकडच्या पेटीवाल्याचा उजवा गाल लोकांकडे येतो. मी व्यासपीठावर उभा राहून हिशेब केला. खोटं कशाला बोलू, अगदी पायानं मापून केला. मग सतरंजी घालणाऱ्याला म्हटलं, “आज पेटी डावीकडे मांडा. तबला उजवीकडे घ्या.”

याकोबमामांनी मान वर केली. “का हो?”

“उन्हाची तिरीप येते त्या बाजूला. पोरीच्या डोळ्यांवर यायला नको.”

“ऊन तर मागनं येतंय, पप्पा,” लिदी म्हणाली.

मी उपरण्याची घडी नीट करत बसलो. थोड्या वेळानं तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “ओढणी या बाजूनं जरा पुढं घे बेटा. प्रार्थनेत डोकं झाकलेलं बरं दिसतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग डावीकडच्या जागेकडे बघितलं. ती हुशार पोर होती. मघाशी खुललेला चेहरा माझ्यादेखत मिटला. तिनं ओढणी उजव्या बाजूनं पुढं ओढली, पेटी उचलली आणि डावीकडे जाऊन बसली.

याकोबमामा तबला-डग्गा उचलून उजवीकडे गेले. जाताना एवढंच म्हणाले, “तुमचं कीर्तन, तुमची बैठक.”

पाचला मांडव गच्च भरला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मी चिपळ्या उचलल्या आणि पहिलं पद धरलं. मंडळी, ती काय वाजली म्हणून सांगू! मी जिथं श्वास घेतो तिथं तिचा सूर मला उचलून धरायचा. सिमोनराव माझ्या मागं मागं यायचे. ही बरोबर यायची. एका तानेत मी घसरलो, तर तिनं तीच घसरलेली जागा अशी फिरवून घेतली, की लोकांनी “वा!” म्हटलं. तो वा माझ्या नावावर जमा झाला.

पूर्वरंग झाला, आख्यान सुरू झालं. दुष्काळ आला, म्हातारा आला, पाणी दिलं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. पालखी आली. मग माझी ती ठरलेली जागा. तिथं मी नेहमी चिपळ्या खाली ठेवतो, दोन पावलं पुढं येतो, आणि त्या आईला सभेसमोर फाडून खातो.

“अगं माउली,” मी हात पसरून म्हटलं, “देवानं तुझ्या ओटीत घातलेलं लेकरू, आणि तू त्याला लोकांपासून दडवतेस? कणगीमागं बसवतेस? कुणाची लाज वाटते तुला? तिची, का तुझी?”

आणि माझी नजर डावीकडे गेली.

ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिचा सगळा चेहरा त्या मांडवात फक्त मला दिसत होता, आणि समोर बसलेल्या याकोबमामांना. बाकी पाचशे माणसांना मी तिचा डावा गाल दाखवला होता. बोटं पट्ट्यांवर होती, सूर धरलेला होता, आणि डोळे खाली होते. ओढणी मी सांगितली तशीच पुढं ओढलेली.

माझी वाचा बसली. खरंच बसली. पुढचं वाक्य हजार वेळा म्हटलेलं, पण आठवेना. लोकांना वाटलं, बुवांना गहिवर आला. मांडवात हुंदके सुरू झाले. मनात आलं, प्रभू, हे मी काय केलं? आठ वर्षं त्या आईला शिव्या देतोय, आणि ती आई म्हणजे मीच की!

मी फिरलो, डावीकडे दोन पावलं गेलो. “मंडळी,” मी म्हटलं, आवाज फुटत होता, “ती दडवणारी आई दुसरी कुणी नाही. ती मी आहे. ही बघा... ही माझी मुलगी. हिचा चेहरा...” आणि मी तिचा हात धरून उठवायला वाकलो.

तिनं डोळे वर केले. इतका राग मी त्या डोळ्यांत कधी बघितला नव्हता. आणि माझा हात पोचायच्या आत तिनं भाता खेचला आणि मघाचंच एक पद असं जोरात सुरू केलं, की ध्वनिक्षेपक किंचाळला. नुसतं वाजवलं नाही, स्वतः गायला लागली. धाकटीचं पद, पाण्याचा घडा उचलतानाचं. याकोबमामांनी एका क्षणात ठेका धरला. मी तसाच वाकलेला. मग सावरलो, चिपळ्या उचलल्या आणि मुकाट्यानं तिच्या मागून गायला लागलो. त्या दिवशीचं उरलेलं कीर्तन तिनं ओढून नेलं. मी नुसता बरोबर होतो.

आरती झाली, आशीर्वाद झाला, लोक पाया पडायला आले. “बुवा, आज कळस केलात,” म्हणाले. मी कुणाला काय सांगणार?

माणसं पांगल्यावर याकोबमामा तबल्याला खोळ घालत म्हणाले, “तीस वर्षांत पहिल्यांदा या बाजूला बसलो. मान अवघडली.”

“चुकलं माझं, मामा.”

“माझं सोडा हो. माझी मान तेल लावलं की मोकळी होईल.” आणि खांद्यावर तबला टाकून निघून गेले.

सासुरवाडीचं घर मांडवापासून शेताच्या वाटेनं दहा मिनिटांवर. दिवस मावळायचा होता. रत्नमाला पुढं गेली होती. लिदी पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होती. “दे इकडं” म्हटलं तर दिली नाही.

शेवटी मीच म्हटलं, “लिदी, मी चुकलो. तुला डावीकडे बसवलं ते चुकलं. प्रभूची क्षमा मागितली, तुझीही मागतो.”

“हं.”

“म्हणूनच सगळ्यांसमोर कबूल करत होतो ना? तू करू दिलं नाहीस.”

ती थांबली. पेटी बांधावर ठेवली आणि ओढणी मागं सारून माझ्याकडे वळली.

“पप्पा, कबूल तुम्ही करत होतात, मग उभी मला कशाला करत होतात?”

मी बांधावरच्या पेटीकडे बघायला लागलो.

“आधी माझा गाल झाकलात. मग तोच दाखवायला निघालात. दोन्ही वेळा तुम्ही गालच बघत होतात. चार पदं, दोन साक्या, एक दिंडी वाजवली मी. कशी वाजवली ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.”

मी वाटेत उभाच राहिलो. खरं होतं. मी सांगितलं नव्हतं. सिमोनरावांना मी प्रत्येक कीर्तनानंतर दहा चुका सांगायचो, अकरावी चहा पिताना सांगायचो. हिला एक शब्द नाही.

“दुसऱ्या पदाचा अंतरा,” मी म्हटलं. “घाई केलीस.”

“केली,” ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. “तबला लांब होता, सम नीट ऐकू येईना.”

“आणि दिंडीत तो कोमल निषाद कुठून आणलास? सिमोनरावांकडे नाही तो.”

“माझाच आहे.”

“चांगला आहे,” मी म्हटलं. “फार चांगला आहे, बेटा.” मग मात्र मला रडू आवरलं नाही. उसाच्या कडेला उभा राहून मी, एवढा मोठा कीर्तनकार, उपरण्यात तोंड खुपसून रडलो. तिनं रडू दिलं. मग पेटी उचलली.

घर दिसायला लागल्यावर म्हणाली, “पप्पा, एक मागू?”

“माग की.”

“‘दोन बहिणी’ बंद करा.”

झालं! माझं डोकं फिरलं. एका क्षणात पश्चात्ताप वगैरे सगळं बाजूला. “अगं, बंद करा म्हणजे? आठ वर्षांची मेहनत आहे माझी! लोक त्यासाठी येतात. किती आयाबाया त्यावरून शिकल्या. तुझ्याचसाठी रचलं ना मी ते? ऐकताना लोक रडतात!”

“रडतात ना,” ती म्हणाली. “तेच तुम्ही घरी येऊन सांगता. आज अमक्या गावात रडले, आज तमक्या गावात रडले. आठ वर्षं मी घरी बसून ऐकतेय, माझ्या तोंडावर कोण कोण रडलं ते.”

एवढं बोलून ती आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. रत्नमाला चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलेलं असावं.

“वेडी आहे पोर,” मी म्हटलं. “माझं सगळं नाव त्या आख्यानावर आहे. ते सोडलं तर मला बोलावणार कोण?”

कप माझ्या हातात देत ती म्हणाली, “सहा वर्षांची होती तेव्हापासून तिनं तुमच्याकडं काही मागितलंय? आठवा बरं एखादं.”

मला आठवेना. बाहुली नाही, बांगडी नाही, नवा फ्रॉक नाही. मी देवाचं बोलायचो आणि ती मान हलवायची. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला कीर्तन. मी मांडवात जरा आधी गेलो. लिदी माझ्याआधी आली होती. तिनं पेटी उजवीकडे मांडली होती, ठरलेल्या जागी. ओढणी खांद्यावर पिन लावून बसवली होती. मामा डावीकडे बसून तबला लावत होते आणि काहीतरी गाणं गुणगुणत होते. पुढच्या रांगेतली दोन पोरं तिच्या गालाकडे टक लावून बघत होती. तिनंही त्यांच्याकडे बघितलं, बघतच राहिली, तेव्हा पोरंच हसली आणि आपापसांत खेळायला लागली.

मी चिपळ्या उचलतोय तोच मागून एक म्हातारबाबा उठले. “बुवा, आज शेजारच्या गावची माणसं आलीत. त्यांनी काल ऐकलं नाही. दोन बहिणींचं होऊ द्या!”

“होऊ द्या, होऊ द्या!” बायकांकडूनही आवाज आले. पाळकसाहेब हसत हसत पुढं झुकले, “घ्या बुवा. लोकांची इच्छा आहे.”

मी उजवीकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर लोकांनीही तिकडेच बघितलं असतं.

“ते आख्यान मी आता करत नाही,” मी म्हटलं.

मांडवात कुजबुज. “का हो? कालच तर केलंत!”

“ते माझं नव्हतं. न विचारता घेतलं होतं. ज्याचं होतं, त्याला आज परत केलं.”

कुणाला काही उलगडा झाला नाही. पाळकसाहेब माझ्या तोंडाकडे बघायला लागले. म्हातारबाबा पुटपुटत खाली बसले. आणि माझ्याजवळ सांगायला एकही गोष्ट नव्हती. पाचशे माणसं समोर, आणि बुवाची झोळी रिकामी.

तेव्हा उजवीकडून भात्याचा आवाज आला.

“काळी दोनचा सूर धरू ना, पप्पा?” लिदी म्हणाली. “मंडळी ताटकळलीत.”